विमानाला घराचा रंग चालेल का?

दोस्तांनो, तुमच्या पत्रांत बहुतेक वेळा 'आकाश निळं का?' किंवा 'पाल भिंतीवरून पडत का नाही?' असे प्रश्न असतात. या वेळी मात्र चौलहून नववीतल्या एका मुलीचं पत्र आलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

ती लिहिते, 'माझा दादा इंजिनीअरिंगला आहे. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून आमच्या वाडीत, सुपारीच्या बागेमागच्या शेडमध्ये, एका माणसाचं छोटं विमान बनवत आहेत. सांगाडा झाला, त्यावर कापडही चढलं. आता रंग द्यायचा आहे. विमानाचा खास रंग परदेशातून मागवावा लागतो आणि तो फार महाग आहे. बाबा म्हणतात, घराला बाहेरून देतो तोच रंग द्या, पाऊस झेलतो ना तो! दादा म्हणतो, चालत असेल. आई म्हणते, मुळात विमानच नको. कोण बरोबर?'

आईशी वाद घालायची माझी हिंमत नाही. पण बाकी दोघांचं काय ते बघू या.

आधी माझी एक फजिती सांगतो. मी पाचवीत असताना अलिबागला मावसभावाबरोबर बांबूच्या कामट्यांचं ग्लायडर केलं होतं. पंख चांगला दीड हात लांब. त्यावर मांजरपाटाचं कापड शिवलं. खिडक्यांचा हिरवा ऑइल पेंट डब्यात उरला होता, तो दोन्ही बाजूंनी फासला. दोन दिवसांनी वाळल्यावर काय दिसायचं म्हणता! गच्चीवरून सोडलं आणि ते सरळ खाली जास्वंदीत गेलं. नुसत्या कापडाचं होतं तेव्हा अंगण ओलांडून विहिरीपर्यंत जायचं. आजोबा म्हणाले, "अरे, तुम्ही विमान नाही, खिडकी उडवलीत!"

तेव्हा हसू आलं होतं. पण या पत्रातल्या विमानात माणूस बसणार आहे.

विमानाला कापड म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. पण पहिली कित्येक वर्षं विमानं कापडाचीच होती. राइट बंधूंनी १९०३ साली जे विमान उडवलं, त्याच्या पंखांवर साधं सुती मलमल होतं, त्यावर रंगबिंग काही नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते 'पस मॉथ' विमानही पोलादी नळ्या, लाकूड आणि वर कापड असंच होतं. आपल्या हवाई दलाची १९३३ मधली पहिली 'वापिटी' विमानंही कापडाचीच. बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बनवलेलं 'पुष्पक' हे छोटं विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं, त्याच्यावरही कापड होतं. फ्लाइंग क्लबांमधून कितीतरी मुलं-मुली त्यावर विमान चालवायला शिकली.

नुसतं कापड मात्र फार दिवस पुरत नाही. त्यातून हवा आरपार जाते, ते दमटपणानं सैल पडतं आणि उन्हानं कुजतं. म्हणून त्यावर 'डोप' नावाचं द्रावण लावायची पद्धत आली. डोप म्हणजे कापसातलं सेल्युलोज रसायनांनी बदलून द्रावकात विरघळवलेलं असतं. द्रावक उडून गेला की मागे राहिलेला थर आकसतो आणि कापडाला ओढून धरतो. ढोलकीची पुडी बोटानं वाजवल्यावर टणटण बोलते ना, तसं पंखाचं कापड बोलू लागतं.

डोप गुणी, पण तितकंच खाष्ट. जुनं डोप नायट्रोसेल्युलोजचं असायचं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, त्या काळची फिल्मसुद्धा याच कुळातली. ठिणगी पडली की भडकायची! पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तर डोप पातळ करायला असं एक द्रावक वापरत की, कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना त्याच्या वाफेनं विषारी कावीळ झाली, काही जणी दगावल्या. मग ते द्रावक बंद झालं. आजही डोपचं काम मोकळ्या हवेत आणि नीट मुखवटा लावूनच करतात. तेव्हा बंद शेडमध्ये डोप नको असं चौलच्या दादाला वाटत असेल, तर ते काही चुकीचं नाही.

आता खरी गंमत. दादानं चढवलेलं कापड सुती नाही, पॉलिएस्टरचं आहे, असं पत्रात पुढे लिहिलं आहे. हे कापड ताणायला डोप लागतच नाही. त्याला लागते इस्त्री! ते आधी सांगाड्याला खास गोंदानं चिकटवतात आणि मग त्यावरून गरम इस्त्री फिरवतात. साधारण १२० अंश सेल्सिअसला ते आकसू लागतं आणि १७५ च्या आसपास शेवटचा ताण बसतो. त्याहून फार तापवलं तर उलट ताण जातो आणि आणखी तापलं तर कापड वितळतंच. घरच्या इस्त्रीवर 'रेशीम', 'सुती', 'लिनन' एवढंच लिहिलेलं असतं, त्यावर विसंबून भागत नाही. इस्त्रीचा तळ तापमापकानं मोजूनच काम करावं लागतं.

म्हणजे ताण इस्त्रीनं दिला. मग रंगाकडे उरली दोन कामं. कापडाची बारीक छिद्रं बुजवायची आणि ऊन अडवायचं. ही दोन कामं घराचा रंग करू शकतो का? बाबांचा मुद्दा इथे येतो आणि तो अगदीच फुसका नाही. अमेरिकेत स्वतःची विमानं स्वतः बांधणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्यातल्या काहींनी पॉलिएस्टरवर घराच्या बाहेरच्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग दिला आहे आणि त्यांची विमानं उडली आहेत. भिंतीला तडा गेला तरी फाटू नये म्हणून हा रंग लवचीक केलेला असतो. कापड हवेत सतत थरथरत असतं, त्याला असाच लवचीक थर हवा.

पण 'घराचा रंग' म्हणजे कुठला, हे आधी विचारायला हवं. माझ्या खिडकीचा ऑइल पेंट नक्कीच नव्हे. तो हवेतला ऑक्सिजन घेत वर्षानुवर्षं कडक होत जातो. लाकडाला ते चालतं, कापडावर मात्र त्याला भेगा पडतात. आतल्या भिंतीचा डिस्टेंपरही नको, हात लावला की त्याची पांढरी भुकटी बोटाला लागते.

थेरोंड्याच्या किनाऱ्यावर ऑगस्टच्या सुमारास गेलात तर पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या होड्या रंगवण्याची धांदल दिसेल. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली असते. एका नाखवाकाकांना मी विचारलं, "किती हात देता?" ते म्हणाले, "मनात येतील तेवढे. रंगानं होडी थोडीच बुडतेय!" बरोबर आहे. होडीच्या पोटात काही टन मासळी आणि बर्फ जायचा असतो, तिथे पाच-दहा किलो रंगाचं काय?

विमानाचं तसं नाही. चला, पेन्सिल घ्या. छोट्या विमानाला पंखांची वरची-खालची बाजू, शेपूट आणि अंग मिळून समजा ४० चौरस मीटर कापड लागलं. चांगलं पॉलिएस्टर चौरस मीटरला ९० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे सगळं कापड साडेतीन किलोच्या थोडं वर. आता बाहेरच्या भिंतीचा रंग एका लिटरमध्ये साधारण १० चौरस मीटर होतो. एका हाताला ४ लिटर. लिटरभर रंग वाळल्यावर ७०० ग्रॅमच्या आसपास मागे राहतो, बाकीचं पाणी उडून जातं. म्हणजे एका हाताला २.८ किलो आणि चार हातांना ११ किलोहून जास्त. कापडाच्या तिप्पट वजन नुसत्या रंगाचं! एका माणसाच्या हलक्या विमानात ११ किलो म्हणजे बऱ्याच वेळाचं पेट्रोल.

त्यातही हे वजन कुठे बसतं, ते महत्त्वाचं. विमानाच्या शेपटीला आणि पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या असतात. त्यांच्यामुळे विमान वळतं, वर-खाली होतं. बिजागरीच्या मागे रंगाचं वजन वाढलं की त्या फळीचा तोल बिघडतो आणि ठरावीक वेगाला ती आपोआप थडथडू लागते. वाऱ्यात पतंगाची शेपटी फडफडते ना, तसंच, पण इतक्या जोरानं की फळी तुटूही शकते. म्हणून मोठ्या कारखान्यातसुद्धा अशी फळी रंगवली की तिचा तोल पुन्हा तपासतात. दादानं रंग कुठलाही दिला तरी हे टाळून चालणार नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. पॉलिएस्टरला बुरशी फारशी लागत नाही, आपल्या किनाऱ्यावर ते बरंच. पण सूर्याचे अतिनील किरण त्याचे धागे आतून खातात. वरून कापड नवंकोरं दिसतं आणि बोट दाबलं की फाटतं. डोपवाले यासाठी एका थरात ॲल्युमिनियमची पूड मिसळतात, म्हणून जुन्या विमानांचा रंग खरवडला की खाली चंदेरी थर दिसतो. घराचा रंग वापरणारे काही जण पहिला हात काळ्या रंगाचा देतात, काजळी ऊन अडवते म्हणून. थर पुरेसा आहे का, हे बघायची युक्ती सोपी आहे. अंधारात पंखाच्या आत दिवा धरायचा. बाहेरून उजेड झिरपताना दिसला की थर कमी पडला.

तिसरी गोष्ट पकडीची. पहिला हात कापडाच्या विणीत मुरायला हवा. तो नुसता वर बसला तर पुढे हवेत रंगाचे पापुद्रे सुटतात. दहीहंडीला लावलेला चमकीचा कागद वाऱ्यानं कसा निघतो, आठवा.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी बाबांच्या हातून नक्की होईल! पंखांच्या खालच्या बाजूला, मागच्या कडेला, पाणी निचरायला छोटी भोकं ठेवलेली असतात. रंग देताना ती बुजवू नका. नाहीतर आत साचलेलं पाणी आणि चौलची खारी हवा मिळून नळ्या गंजवतील, आणि वरून काही कळणार नाही.

मग उत्तर काय? माझ्या मते बाबा निम्मे बरोबर आहेत. बाहेरच्या भिंतीचा चांगला ॲक्रिलिक रंग पॉलिएस्टरवर बसू शकतो. पण तो स्वस्त आहे एवढ्यावर त्याला विमानावर चढवू नये. कारखान्यात बनलेल्या, परवाना असलेल्या विमानावर तर मंजूर झालेल्या पद्धतीशिवाय दुसरं काही लावताच येत नाही. आणि घरी बांधलेलं विमानही आपल्या मनानं उडवता येत नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला घराच्या गच्चीवर विमान बांधलं, तुम्ही वाचलं असेल. ते धातूचं होतं. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली ती २०१७ मध्ये. त्यामागे कित्येक वर्षांची कागदपत्रं आणि खेटे होते. दादानं तिथे आत्ताच लिहावं, रंगाचा डबा फोडायच्या आधी.

आता पत्र लिहिणाऱ्या ताईसाठी काम. दादाकडून उरलेलं कापड माग. वीतभर लांब-रुंद अशा चार लाकडी चौकटी कर आणि चारही कापडं एकाच इस्त्रीनं ताण. एक कोरी ठेव, एकीला ऑइल पेंट, एकीला बाहेरच्या भिंतीचा रंग, एकीला आधी काळा हात आणि मग तोच रंग. रंगाच्या आधी आणि वाळल्यावर सोनाराच्या तराजूवर वजन करून वहीत लिही. मग चारही दक्षिणेकडच्या कौलांवर बांधून ठेव. पुढच्या पावसाळ्याआधी काढ आणि प्रत्येकीतून बरोबर एक इंच रुंदीची पट्टी काप. पट्टी वर बांधून खाली बादली अडकव आणि तुटेपर्यंत हळूहळू वाळू भर. बादलीखाली पाय ठेवू नकोस! जुन्या सुती कापडाच्या विमानांना नियम होता की, नव्या कापडाच्या एक इंची पट्टीनं सुमारे ३६ किलो पेलावे आणि वापरून वापरून ते २५ किलोवर आलं की कापड बदलावं. तुझी पट्टी किती पेलते, ते बघ.

चारही आकडे मला पोस्टकार्डावर कळव. आणि वाळू भरताना आईला शेजारी उभं कर, तिलाही आकडे बघू देत.