लेन्स नंतर घ्या, आधी टँक कमी हलवा!

सध्या कॉलेजात फिल्म कॅमेऱ्याची हवा आहे. कुणी काकांच्या कपाटातला, कुणी जुन्या बाजारातला कॅमेरा आणतं, ब्लॅक अँड व्हाइट रोल भरतं आणि निगेटिव्ह धुऊन झाली की एकच रड, ‘शार्प नाही आला यार!’ उपायही ठरलेला, नवी लेन्स. माझं म्हणणं आहे, लेन्सचा हप्ता सुरू करण्याआधी तुमच्या बाथरूममध्ये काय चाललंय ते बघा.

माझंच सांगते. गेल्या मे महिन्यात मानवतला घरी गेले होते. आजी ओसरीवर ज्वारी निवडत होती, अख्खा रोल तिच्यावर संपवला. भर दुपारी टाकीच्या कढत पाण्यात डेव्हलपर कालवला, वेळ मात्र तक्त्यातली २० अंशांचीच धरली आणि ताक घुसळावं तसा टँक हलवत बसले. निगेटिव्ह काळीकुट्ट निघाली. फोटोत आजीच्या हातावरच्या सुरकुत्या पांढऱ्या डागात गडप. ऑगस्टमध्ये आजी गेली.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. निगेटिव्हवर उजेडाच्या जागी डेव्हलपर भरभर खर्च होतो, सावलीच्या जागी ताजा राहतो. टँक स्थिर असला की सीमेवरचा ताजा डेव्हलपर उजेडाच्या बाजूला सरकतो आणि तिथली कड जास्त गडद करतो. दमलेला डेव्हलपर सावलीकडे जातो, तिथली कड आणखी फिकी पडते. मधली रेघ उठून दिसते, आणि डोळ्याला तोच शार्पनेस वाटतो. सारखं हलवलं की सगळं एकजीव होतं आणि ती रेघ पुसली जाते.

म्हणून पहिला अर्धा मिनिट नीट हलवा, मग मिनिटाला दोन-तीनदा हलकेच उलटा. बस्स. (तासभर हातच न लावण्याची एक फॅशन आहे. तिच्या नादी लागू नका, रोलच्या भोकांजवळ पट्टे उमटतात.)

दुसरं, डेव्हलपर पातळ करा. डी-७६ मध्ये लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. ते चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवतं. ग्रेन मऊ होतो, पण कडाही मऊ होतात. त्यात तेवढंच पाणी घातलं की ग्रेन जरा दिसतो, कडा मात्र धारदार येतात. वेळ वाढते. एचपी-५ प्लसला २० अंशांवर साडेसातऐवजी साधारण ११ मिनिटं लागतात. पातळ केलेला डेव्हलपर एकदाच वापरून फेकायचा. ग्रेनला आपण उगाच घाबरतो. गुळगुळीत चेहरे हवे असतील तर मोबाइल आहेच की!

‘एवढा खटाटोप कशाला, ॲपमध्ये शार्प करू,’ असं म्हणाल. ॲप असलेली कड ठळक करतं, हरवलेली सुरकुती परत आणत नाही. १९१९ मध्ये मुंबईच्या नारायण विनायक विरकरांनी जालियनवाला बागेतल्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. त्या खुणा पुसट आल्या असत्या तर भिंत नुसती भिंत राहिली असती. पत्रकारिता शिकणाऱ्यांनी तरी शार्पनेसला शोबाजी समजू नये.

फोकसच चुकला असेल तर कुठलंही रसायन वाचवणार नाही, हे कबूल. पण मराठवाड्यात खरा वैरी उन्हाळा आहे. पाणी तापलं की वेळ पाच मिनिटांच्या खाली येते आणि रोल एकसारखा धुतला जात नाही. थर्मामीटर घ्या, पहाटे बसा, टबात माठाचं पाणी आणि बर्फाचे खडे टाकून त्यात टँक ठेवा. परवा आजोबांचा रोल मी असाच धुतला. माठ रिकामा का, म्हणून आईची बोलणी खाल्ली, पण आजोबांच्या दाढीचे खुंट मोजता येतात.