लेक म्हणते, मोटारीचं इंजिनिअरिंग शिकायचंय!

बारावीच्या निकालाचे दिवस आले की घरोघरी एकच खल चालतो, पुढे काय? मुलगी ‘कॉम्प्युटर’ म्हणाली की सगळे निर्धास्त. पण तीच लेक ‘मला मोटारींचं, रेसच्या गाड्यांचं इंजिनिअरिंग शिकायचंय’ म्हणाली, तर सासूबाई जपमाळ थांबवतात, ‘हे’ वर्तमानपत्रातून डोकं वर काढतात आणि सगळे बघतात तुमच्याकडे! तेव्हा उत्तर देण्याआधी नीट माहिती करून घ्या.

पहिली गोष्ट, हे गॅरेजकाम नव्हे. कारागीर बिघडलेली गाडी दुरुस्त करतो. गाडी मुळात कशी असावी ते इंजिनिअर ठरवतो. दुधाचं पातेलं घेऊन चालताना तुम्ही एकदम थांबलात, तर दूध पुढे उसळतं ना? ब्रेक दाबला की गाडीचा भारही असाच पुढच्या चाकांवर जातो, म्हणून पुढचे ब्रेक जास्त ताकदीचे लागतात. वेग दुप्पट झाला, तर थांबताना ब्रेकना चौपट उष्णता सोसावी लागते. हे सारं गणितानं काढायचं असतं. म्हणून बारावीला गणित आणि फिजिक्स पक्कं हवं.

‘पण बायका असतात का तिथे?’ असं घरात कुणी विचारलंच, तर दोन गोष्टी सांगा. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली. दुसरी गोष्ट २०११ सालची. फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या अपघातात गेल्या. उरलेल्या गाडीच्या इंजिनिअर होत्या भारतीय वंशाच्या लीना गाडे. ती गाडी १४ सेकंदांहूनही कमी फरकानं पहिली आली! ही शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री रेस इंजिनिअर.

आता व्यवहाराचं बोलू. रेसिंगची वेगळी पदवी इंग्लंडमध्ये तीन वर्षांत मिळते, पण खर्च मोठा. आपल्याकडे पदवी चार वर्षांची, मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल. माझं मत विचाराल तर मेकॅनिकल घ्यावं. मोटारीचं दार उघडं राहतंच, शिवाय इतर कारखान्यांचीही राहतात. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्या मुलींना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

कॉलेज निवडताना एक प्रश्न जरूर विचारा, विद्यार्थ्यांचा रेसिंग संघ आहे का? ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेसाठी मुलं स्वतः एका माणसाची रेसगाडी बांधतात. आपल्याकडे ‘फॉर्म्युला भारत’ ही तशीच स्पर्धा होते. तिथे नुसता वेग बघत नाहीत बरं का! कुठल्या भागाला किती खर्च आला, तो का आला, याचा हिशेबही परीक्षकांपुढे मांडावा लागतो. नोकरीच्या मुलाखतीत हाच अनुभव उपयोगी पडतो. मात्र या संघापायी रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये थांबावं लागतं. म्हणून वसतिगृह किती दूर, परतायची सोय काय, हे तुम्ही स्वतः जाऊन बघा. नुसत्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

फीची धास्ती घेतली असेल, तर हेही ऐका. वार्षिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, महाराष्ट्रात २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. खानावळ, वसतिगृह आणि पुस्तकांचा खर्च मात्र तुम्हालाच धरावा लागेल. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा. ऐनवेळी तहसील कचेरीत खेटे घालायला नकोत.

आणि शेवटचं. लेकीला आठवडाभर गणिताची अवघड उदाहरणं सोडवायला बसवा. कंटाळली, तर नुसती गाड्यांची हौस समजा. जेवणाची हाक दिली तरी उठली नाही, तर घरातल्या विरोधापुढे तुम्ही तिच्या बाजूनं उभ्या राहा. तिथे तिला मार्कांइतकीच आईची गरज असते.