तीन महिन्यांची भट्टी

आपल्या भागातल्या घरोघरची मुलं हल्ली बेंगळूरला नोकरीला असतात. सुट्टीत आली की तिथल्या गमतीजमती सांगतात आणि त्यात एक विषय हमखास निघतो, तिथल्या छोट्या बिअर-भट्ट्यांचा. २०१० नंतर त्या शहरात अशा भट्ट्या एकापाठोपाठ एक निघाल्या. पुढे हॉटेल, मागे मोठाली पिंपं. तिथेच बनवायची आणि तिथेच विकायची. त्यांतही मुलांना अप्रूप असतं ते हंगामी ‘एल’चं. एल हा बिअरचाच एक जुना प्रकार. उन्हाळ्यात आंबा घालून केलेली, थंडीत जरा दाट आणि गडद. हंगाम संपला की फळ्यावरचं नाव पुसायचं. आईवडील ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि आजी “अय्यो देवरे!” म्हणत आत निघून जाते.

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण मला त्यातलं पेय बाजूला ठेवून त्यातल्या ‘हंगाम’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे. मराठीत हंगाम, कन्नडात हंगामु. सुगीलाही कन्नडात सुग्गीच म्हणतात. ज्या घरात दोन्ही भाषा नांदतात तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको.

युरोपातली हंगामी बिअर ही मुळात हौस नव्हती, ती अडचण होती. उन्हाळ्यात उष्म्याने आंबवण बिघडायचं. म्हणून जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली हुकूमच निघाला, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळायची नाही. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरात ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. तिचं नावच पडलं ‘मेर्त्सेन’, म्हणजे मार्चची. बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात शेतकरी हिवाळ्यात शेतावरच एल करून ठेवत आणि उन्हाळ्यात ती कामाच्या गड्यांना देत. तिला म्हणतात ‘सेझाँ’. या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी हंगाम! तिथल्या तूर्प गावात द्युपाँ घराण्याची अशी एक भट्टी आहे. शेतावरची ती भट्टी १८४४ पासूनची आणि १९२० पासून याच घराण्याकडे. आज तिचा माल जगभर जातो.

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं, की असंच काहीतरी आपल्या अगदी जवळ आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलं की गोव्याचा सत्तरी तालुका लागतो. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या रस्त्याने जाताना मोटारीची काच खाली केली तर एक गोडसर, आंबूस वास येतो. तो काजूच्या बोंडूंचा. त्या बोंडूंपासून जो हुर्राक होतो, तो वर्षातून तीनच महिने मिळतो. फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू होतो आणि पाऊस आला की संपतो. एल धान्याची आणि नुसती आंबवलेली, हुर्राक फळाचा आणि भट्टीत गाळलेला, हा फरक खराच. पण छोटी घरगुती भट्टी आणि निसर्गाने घालून दिलेली मुदत, या दोन्ही गोष्टी तिथे आहेत.

काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला. कन्नडात त्याच्या गराला गोडंबी म्हणतात आणि झाडाला गेरु. आपण काजूची बी खातो, पण झाडावर ती बी एका लाल-पिवळ्या, रसरशीत बोंडूच्या टोकाला बाहेर लोंबत असते. या बोंडूचं वजन बीच्या पाच ते दहा पट भरतं. ‘क’ जीवनसत्त्व तर त्यात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. फक्त तो तुरट असतो, घशाला खवखवतो, आणि एका दिवसात सडायला लागतो. तोडून, पेटीत भरून मुंबईला पाठवावा असं हे फळ नाही. ते आज पडलं तर आजच वापरायला हवं.

भट्टीवाले म्हणूनच बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप पडलेलाच उचलायचा. पहाटे बायामाणसं डोंगरावर जातात, काठीच्या टोकाला खिळा लावलेला असतो, त्याने बोंडू टोचून टोपलीत टाकायचा. वाकायला लागत नाही. मग बी पिळून वेगळी करायची आणि बोंडू कातळात खोदलेल्या खड्ड्यात टाकून पायांनी तुडवायचे. या खड्ड्याला कोळंबी म्हणतात. माशांतली ती कोळंबी वेगळी! आता बऱ्याच ठिकाणी तुडवण्याऐवजी दाबयंत्र आलं आहे. तुडवून झालेल्या चोथ्याचा ढीग करून त्यावर जड दगड ठेवतात, तेव्हा जो रस थेंबथेंब गळतो तो नीरो. हा ताजा प्यायचा. त्यात दारूचा अंश नाही, तो पोरंटोरं, आजीआजोबा सगळे पितात. मात्र सकाळचा सकाळीच, दुपारपर्यंत तो आंबायला लागतो.

तुडवून आलेला रस दोन-तीन दिवस ठेवला की आपोआप आंबतो. वरून यीस्ट नाही, साखर नाही, पाणी नाही. मग तो तांब्याच्या मोठ्या भांड्यात घालून खाली लाकडं पेटवतात. या भांड्याला ‘भाण’ म्हणतात. पूर्वी ते मातीचं असे. वाफ नळीतून गार पाण्यात बसवलेल्या मडक्यात उतरते आणि थंड होऊन पडते. या पहिल्या धारेचा हुर्राक. त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के. तोच हुर्राक पुन्हा रसात मिसळून गाळला की फेणी होते. ती ४० टक्क्यांच्या पुढे जाते, वर्षानुवर्षं टिकते आणि बाटलीत बसून दुकानात जाते. हुर्राकाचं तसं नाही. काही आठवड्यांत त्याचा ताजा वास उतरतो. म्हणून गोवेकर वर्षभर त्याची वाट पाहतात आणि उन्हाळ्यात लिंबू, मीठ, एक चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून घेतात.

एका भट्टीवर मी मालकांना विचारलं होतं, “काका, हा गणपतीपर्यंत टिकेल असं काही करता येणार नाही का?” ते जाळ सारखा करत म्हणाले, “टिकवायचं असतं तर फेणी करतो ना आम्ही. हा आता प्यायचा, आणि मग पुढच्या वर्षी.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

आता दुसरी बाजू. दारूने आपल्या भागातली किती घरं बसली, हे मला नव्याने सांगायला नको. कर्नाटकात सारायीवर १ जुलै २००७ पासून बंदी आली, तेव्हा गावोगावच्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला होता. रोजची मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर देऊन येणारा नवरा ज्यांनी सोसला, त्यांच्यापुढे भट्टीचं कौतुक करणं सोपं नाही. करूही नये. हुर्राक सरबतासारखा घशाखाली उतरतो आणि उन्हात चढतो, हेही खरं. मग मी हे का लिहितो आहे?

कारण सारायी आणि हुर्राक यांत एक मोठा फरक आहे, आणि तो चवीचा नाही. सारायी बाराही महिने, कुठूनही, कशाचीही येत असे. ती कुठल्या शेतातली, कोणी केलेली, हे पिणाऱ्याला ठाऊक नसे. हुर्राकामागे एक डोंगर असतो, एक घर असतं, पहाटे उठून टोपल्या भरणाऱ्या बायका असतात. बी विकून जे येतं त्याला बोंडूचे पैसे जोडले तरच त्या घराचा हंगाम भागतो. आणि मुख्य म्हणजे तो थांबतो. पाऊस आला की भाण धुऊन पालथं घालतात. पेयाला स्वतःची मर्यादा असणं, ही आजच्या काळात लहान गोष्ट नाही.

गोव्याने ही किंमत ओळखली. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला राज्याच्या वारशाचा दर्जा दिला. पण मानांकन फेणीला मिळालं तरी डोंगर चढणारी माणसं त्याने वाढत नाहीत. मुलं शिकून पणजी-वास्कोला नोकरीला लागतात. बागेत गवत वाढतं. अवकाळी पावसाने किंवा ढगाळ हवेने मोहोर गेला की वर्ष गेलं. तीन महिन्यांच्या धंद्यात दुसरी संधी नसते.

आणि आपल्याकडे? घाटाच्या या बाजूला चंदगडला काजू भरपूर, आजऱ्याला भरपूर, खानापूर तालुक्यातही आहे. बी काढून घेतली जाते आणि बोंडू बहुतेक झाडाखालीच सडतो. गुरं थोडे खातात, बाकी माती होते. गोव्यात घरोघरच्या भट्टीला जसा परवाना मिळतो तसा आपल्याकडे नाही, आणि तो मिळावा असं माझं म्हणणंही नाही. पण बोंडूचं काय फक्त दारूच होते? वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून काजूवर काम करतं आहे. कर्नाटकात पुत्तूरला काजूचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. बोंडूचा तुरटपणा काढून सरबत, सिरप, जाम करण्याच्या रीती उपलब्ध आहेत. एक संस्था मराठी मुलखात, दुसरी कन्नड मुलखात. आपल्याला तर दोन्हींची भाषा येते! बचत गटाच्या बायका लोणची-पापड करतात, त्यांनी उन्हाळ्यात आठ दिवस बोंडूचं सरबत करून पाहायला काय हरकत आहे? सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा व्हायला हवा.

त्या भट्ट्या आहेत तोवर एक काम मात्र आपल्याला करता येईल. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की आपण मुलांना घेऊन गोव्याला जातो, ते थेट समुद्रावर. एकदा वाटेत सत्तरीत थांबा. सकाळी दहाच्या आत पोचा. भट्टीवाल्याला नीट विचारून मुलांना बोंडू तुडवताना दाखवा, जाळ दाखवा, काजूची बी फळाच्या बाहेर असते हे झाडावर दाखवा. ताजा नीरो मिळाला तर सगळ्यांनी एकेक पेला घ्या. मोठ्यांना हुर्राक घ्यायचा असेल तर तो मुक्कामी पोचल्यावर, बेतानेच. गाडी चालवणाऱ्याने अजिबात नाही. आणि बाटली लपवून घाट चढवू नका. परवान्याशिवाय ती राज्याबाहेर आणणं गुन्हा आहे, शिवाय घरी येईपर्यंत तिची मजाही गेलेली असते.

बेंगळूरहून आलेल्या मुलाला या वेळी बरोबर न्या. ‘सीझनल’ म्हणजे काय, ते त्याला फळ्यावर वाचून माहीत आहे. भट्टीवर काका त्याला सांगतील, की मे संपत आला की रोज आभाळाकडे बघत जाळ लावावा लागतो.