घड्याळी तासाचे प्राध्यापक आणि ऑनलाईनचा नवा सापळा

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्याच कोल्हापुरात आज नेट-सेट, पीएच.डी. झालेला आमचा तरुण सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात शिकवतो आणि रात्री स्वतःच्या मोबाईलवरून ऑनलाईन तास घेतो. समाज त्याला ‘सर’ म्हणतो. शासनाच्या लेखी मात्र तो ‘तासिका तत्त्वावरील’ आहे. घंटा वाजली की प्राध्यापक, तास संपला की बेकार!

हे आपोआप घडलेले नाही. प्राध्यापक निवृत्त होत गेले, जागा रिक्त ठेवल्या गेल्या. २०१८ साली शासनाने ३,५८० जागा भरण्यास मान्यता दिली. त्यातल्या उरलेल्या २,०८८ जागांसाठी २०२१ साली पुन्हा मान्यता द्यावी लागली. मधल्या काळात वर्ग कोणी चालवले? याच तासिकावाल्यांनी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी प्राध्यापकास दर तासिकेला १,५०० रुपये व महिन्याला कमाल ५०,००० रुपये ठरवले. राज्याचा दर त्याखालीच राहिला. सातव्या वेतन आयोगात नव्या सहायक प्राध्यापकाचे नुसते मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे, हे लक्षात घ्या. शिवाय तासिकावाल्याला सुट्टीचा पैसा नाही, परीक्षेच्या महिन्यांची शाश्वती नाही, भविष्य निर्वाह निधी नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि या व्यवस्थेचे खरे रूप उघडे पडले. कायम प्राध्यापकाचा पगार चालू राहिला. तासिकावाल्याची तासिका बंद, म्हणून चूल बंद. पुढे ऑनलाईन तास सुरू झाले. मोबाईल त्याचा, नेटपॅक त्याचा, वीजबिल त्याचे. आणि तास झाला की नाही याचा पुरावाही त्यानेच द्यायचा. विद्यार्थ्याच्या गावात रेंज नसल्याने तो तासाला आला नाही, तर त्याचा जाब कोणाला? शिक्षकालाच!

आम्ही ऑनलाईन शिक्षणाच्या विरोधात नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. एमआयडीसीत पाळी करणाऱ्या मुलाला आणि लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या मुलीला मोबाईलवर पदवी मिळत असेल तर स्वागतच आहे. प्रश्न आहे तो शिकवणाऱ्याचा. सप्टेंबर २०२० च्या विनियमांनी विद्यापीठांना ऑनलाईन पदव्यांची वाट मोकळी झाली. २०२१ पासून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेण्याची मुभा आहे. म्हणजे एकाने एकदा बोललेला तास हजारोंना दाखवता येतो. ज्याची भाकरीच तासांच्या मोजणीवर आहे, त्याचे काय?

इथे कायदा काय सांगतो ते पाहा. कॉपीराईट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार सेवेच्या करारात असलेल्या नोकराने कामाच्या ओघात तयार केलेल्या साहित्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. पण संस्था तर सांगते की हा आमचा नोकर नाही! मग त्याच्या टिपणांवर आणि ध्वनिचित्रफितीवर संस्थेचा हक्क आला कुठून? याच कायद्याने व्याख्यान देणाऱ्यालाही ‘सादरकर्ता’ मानले आहे. तेव्हा नेमणूकपत्राच्या तळाशी ‘सर्व हक्क संस्थेचे’ अशी ओळ असेल, तर सही करण्यापूर्वी ती दोनदा वाचा.

दुसरा मुद्दा आरक्षणाचा. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा अनुदानित शिक्षणसंस्थांनाही लागू आहे. तात्पुरत्या नेमणुकांपैकी त्याने वगळल्या त्या फक्त ४५ दिवसांहून कमी मुदतीच्या. तासिका तत्त्वाची नेमणूक तर सत्रभर चालते. मग त्या नेमणुकांत बिंदुनामावली कुठे पाळली आणि कुठे नाही, हे माहितीच्या अधिकारात विचारलेच पाहिजे. कायम जागा गोठवायची, तेच काम तासावर द्यायचे आणि आरक्षण गुपचूप गिळायचे, हा खेळ ओळखा.

तिसरा मुद्दा समान वेतनाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला वेतनश्रेणीचे किमान वेतन देय ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांनाही तोच न्याय मिळाला. शासन म्हणेल, तासिकावाल्याचे काम अर्धे आहे. ठीक आहे, मग अर्धा पगार द्या. पण बारा महिने द्या, महागाई भत्त्यासह द्या!

शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ नाही, असे १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरले. त्यामुळे कामगार न्यायालयाची वाट सोपी नाही. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या शिक्षकाला आता एका तारखेसाठी मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागणार नाही.

बाबासाहेबांनीही १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. अर्धवेळ शिकवणे कमीपणाचे नाही. पूर्णवेळ गरज असताना माणसाला वर्षानुवर्षे अर्धवेळ ठेवणे, हा अन्याय आहे.

म्हणून आमचे तासिका तत्त्वावरील बंधू-भगिनींना सांगणे आहे की नेमणूकपत्र, वेळापत्रक, ऑनलाईन तासांच्या नोंदी आणि बँकेचे उतारे जपून ठेवा. एकट्याने प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे राहू नका, जिल्ह्याची एक यादी करा आणि एकत्र दावा करा. पुढच्या जूनला पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.