पट कोणाचा, नियम कोणाचे?

रांझीत वाढलेल्या आमच्या पिढीने मोठी शहरे पहिल्यांदा पाहिली ती 'व्यापार'च्या पटावर. आजोबा विदर्भातून इथल्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे व्हरांड्यात बसून मुंबई विकत घ्यायचो, दिल्लीचे भाडे वसूल करायचो. सुरुवातीलाच ज्याच्या हाती चांगल्या जागा लागल्या, तो जिंकायचा. बाकीचे एकेक करून कंगाल व्हायचे आणि आम्ही त्याला नशीब म्हणायचो.

हा खेळ ज्या खेळावरून आला, त्याचे पेटंट एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीने 1904 मध्ये घेतले होते. योगायोग असा की जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरीही 1904 चीच. मॅगीच्या खेळाचे नाव होते 'जमीनदाराचा खेळ'. जमिनीची मक्तेदारी माणसांना कशी लुटते, हे तिला खेळातून दाखवायचे होते. तिने नियमांचे दोन संच केले होते. एकात एकजण सगळे गिळतो, दुसऱ्यात निर्माण झालेली संपत्ती सगळ्यांच्या वाट्याला येते. पट तोच, पण नियम बदलले की जिंकणारा बदलतो. जगभर पसरला तो मात्र गिळणाऱ्यांचा खेळ.

हे आज सांगण्याचे कारण आहे. शहर नियोजनात नागरिकांना सामील करायचे तर खेळ वापरा, असा विचार गेली काही वर्षे जगभर जोर धरतो आहे. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन-हॅबिटॅट'ने 'माइनक्राफ्ट' या व्हिडिओ गेमच्या कंपनीसोबत 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम सुरू केला. नैरोबीच्या किबेरा या झोपडवस्तीत लोकांनी संगणकावर ठोकळे रचून आपले मैदान कसे हवे ते दाखवले. कल्पना चांगली आहे. आराखड्याचा नकाशा वाचता न येणारी बाईसुद्धा ठोकळा उचलून "नळ इथे हवा" असे सांगू शकते.

पण आपल्याकडचा अनुभव काय? 2015 ची स्मार्ट सिटी योजना हीसुद्धा एक स्पर्धाच होती. शहरांनी गुण मिळवायचे, जिंकेल त्याला निधी. जानेवारी 2016 मध्ये पहिल्या 20 शहरांत जबलपूरचे नाव आले. नागरिकांचा सहभाग म्हणून इंटरनेटवर मते मागवली गेली. ज्याच्याकडे फोन, फुरसत आणि भाषा, त्याचे मत मोजले गेले. पुढे स्वच्छ सर्वेक्षणातही शहरे गुणांसाठी धावू लागली. ते गुण पहाटे उठून झाडू मारणारे हात मिळवून देतात, पण शहर कसे असावे हे त्या हातांना कोणी विचारत नाही.

म्हणून आम्ही आमच्याच वस्तीत एक प्रयोग केला. विहाराच्या अंगणात पोरांनी खडूने वस्तीचा नकाशा काढला. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. कोणी ठेक्यावरचा सफाई कामगार, कोणी शाळकरी मुलगी, कोणी कारखान्यातून निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे आजोबा. पाणी आणायचे, रेशन आणायचे, दवाखाना गाठायचा. किती घरे चालावे लागले ते मोजायचे. तासाभरात खूप काही कळले. पोरांनी क्रिकेटचे मैदान मोठे काढले होते, नाला विसरले होते. बायांनी आधी नाला काढायला लावला, कारण पावसात तो कुणाच्या घरात शिरतो हे त्यांना पाठ होते.

तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या एका सफाई कामगार बाईने विचारले, "हमारी गली कहाँ है?"

आम्ही गप्प झालो. आमचा नकाशा नाल्यापाशी संपला होता. नाल्यापलीकडची वाल्मीकी आणि डुमार कुटुंबांची गल्ली आमच्या पटावर नव्हतीच. ती कोणी मुद्दाम पुसली नव्हती. ती काढायची आहे हे आम्हाला सुचलेच नव्हते. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती त्या अंगणात, आमच्याच खडूने आम्ही रेखाटली होती. सरकारी नकाशात आपली वस्ती नाही म्हणून आपण ओरडतो. मग आपल्या नकाशात कोण नाही, हे कोणी विचारायचे?

त्यानंतर त्या बाईच्या हातात खडू दिला आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. माझ्या मते खरा खेळ तिथून सुरू झाला.

याचे मोठे उदाहरण मुंबईत आहे. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला आणि फुटपाथवरची घरे हटवण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतरच्या वर्षांत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या, पुढे 'महिला मिलन'मध्ये एकत्र आलेल्या बायांनी आपल्या घरांचे आराखडे स्वतः बनवले. खोली केवढी हवी हे त्यांनी साडीच्या लांबीने मोजले. पोटमाळा बसावा म्हणून छत 14 फूट उंच ठेवले. मग खऱ्या मापाचे घर उभारून लोकांना आणि अधिकाऱ्यांना बघायला बोलावले. लहानपणी भातुकली खेळतात तसेच हे दिसते. फरक एवढाच की इथे मापही त्यांचे होते आणि अधिकारी पाहुणे होते.

म्हणून उद्या कोणी ठोकळे, टॅबलेट आणि रंगीत कार्डे घेऊन वस्तीत आले, तर स्वागत करू या, पण आधी चार गोष्टी विचारू या. खेळ कामाची पाळी संपल्यावर, आपल्या भाषेत आणि आपल्या वस्तीत होणार का? पटावर जमिनीची मालकी, नाला आणि कचऱ्याचा ढीग दिसणार, की फक्त बाग आणि बाकडी? "आम्हाला इथून हलवू नका" अशी चाल खेळायला नियमात जागा आहे का? आणि खेळात ठरले ते कागदावर कुठे जाणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मध्य प्रदेशच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्यानुसार विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी 30 दिवसांची मुदत मिळते. बहुतेक वस्त्यांना ती मुदत संपल्यावरच कळते. खडूचा नकाशा पहिल्या पावसात धुऊन जातो. त्याचा फोटो, त्याखाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे आणि मुदतीत दाखल केलेली हरकत मात्र फाइलमध्ये राहते. तिच्या पोचपावतीवर तारीख असते.

आमच्या अंगणातला नकाशा आता वहीत उतरवला आहे. नाल्यापलीकडची गल्ली त्यात पहिल्या पानावर आहे. पुढचा मसुदा येईल तेव्हा हरकत लिहिताना आम्ही तिथूनच सुरुवात करणार आहोत.

जय भीम.