बापाने पीक बदलले, पोराने नाव काढले

मंडळी, आज दूरदेशीच्या एका शेतकरी बापलेकाची हकीकत सांगतो. अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. काळीभोर जमीन आणि नजर पोहोचेल तिथवर मका, ही त्याची ओळख. तिथल्या व्हॅन मीटर या लहानशा गावाजवळ बिल फेलर शेती करीत असे. ३ नोव्हेंबर १९१८ रोजी त्याला मुलगा झाला. त्याचे नाव बॉब.

हा बॉब पुढे बेसबॉलचा नामांकित पिचर झाला. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज समजा. फक्त तो धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभा राहून साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे टप्पा न पाडता चेंडू फेकतो. फलंदाज तीनदा चुकला की बाद. पण पिचरचे चार चेंडू वाकडे गेले, तर फलंदाजाला पहिला थांबा फुकटात मिळतो.

बिलला स्वतःला या खेळाचा नाद होता. पोराच्या हातात गुण आहे हे त्याने लवकर हेरले. पण शेतकऱ्याच्या घरात पोराला खेळायला सवड कुठली? मक्याची कणसे त्या काळी हाताने खुडावी लागत. तेव्हा बिलने मका कमी करून गहू धरला. गव्हाची काढणी यंत्राने झटपट होई आणि पोराला सरावाला वेळ मिळे. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडला की बापलेक कोठारात दिव्याच्या उजेडात चेंडू फेकीत. बॉब तेरा वर्षांचा झाला, त्या सुमारास बापाने आपल्याच रानात कुंपण घालून खेळाचे मैदान तयार केले. रविवारी तिथे सामने होऊ लागले. आणि हे सारे महामंदीच्या सालांत, शेतमाल मातीमोल झाला होता तेव्हा! शेजारपाजारच्यांनी काय म्हटले असेल, ते तुम्हीच ओळखा.

म्हणून पोराला कामाची सूट होती असे मात्र नाही. गाईंच्या धारा काढणे, पाणी वाहणे, वाळल्या गवताचे भारे उचलणे हे चुकले नाही. आपल्या दंडातले बळ शेतातल्या कामाने आले, असे बॉब पुढे जन्मभर सांगत असे.

१९३५ साली क्लीव्हलँडच्या संघाने त्याच्याशी करार केला. मोबदला काय, तर एक डॉलर आणि खेळाडूंच्या सह्या असलेला एक चेंडू! २३ ऑगस्ट १९३६ रोजी मोठ्या स्पर्धेत त्याने प्रथमच सुरुवातीपासून चेंडू टाकला आणि १५ जणांना तीन-तीनदा चुकवून बाद केले. तीन आठवड्यांनी १७ जणांना. त्याचे वयही तेव्हा १७ च होते. हंगाम संपला तसा गडी पुन्हा शाळेत जाऊन बसला आणि १९३७ मध्ये शिक्षण पुरे केले.

मधल्या काळात एक पेच पडला. तो करार नियमाला धरून नव्हता. करार मोडला असता तर दुसरे संघ मोठमोठ्या रकमा घेऊन दारात उभे राहिले असते. पण बापलेकांनी सांगितले, आम्हाला क्लीव्हलँडकडूनच खेळायचे आहे. शेवटी तसाच निकाल लागला.

वेग अफाट, पण सुरुवातीला त्याचा हात नव्या खोंडासारखा कुठेही धावे. १९३८ साली त्याने २०८ फलंदाजांना फुकट थांबा दिला. त्याच वर्षी एका सामन्यात १८ जणांना चुकवून बादही केले. हळूहळू हात ताब्यात आला. १९३९ ते १९४१ या तीन हंगामांत त्याने २४, २७ आणि २५ सामने जिंकले.

मग ७ डिसेंबर १९४१ चा दिवस उगवला. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. घरी बाप कर्करोगाने आजारी, घराचा भार एकट्या बॉबवर. त्याला सैन्यातून सवलत मिळाली असती. पण दोनच दिवसांत तो नौदलात भरती झाला. पुढे अलाबामा नावाच्या युद्धनौकेवर त्याने विमानविरोधी तोफ सांभाळली. १९४३ च्या जानेवारीत बाप वारला.

ऐन तेविशीपासूनचे जवळजवळ चार हंगाम असे गेले. परत आल्यावर १९४६ साली त्याने ३४८ फलंदाजांना चुकवून बाद केले. त्याच वर्षी यंत्राने मोजलेला त्याचा वेग ताशी सुमारे १५९ किलोमीटर भरला. १९४८ मध्ये क्लीव्हलँडने अजिंक्यपद मिळवले. गंमत अशी, की त्या अंतिम मालिकेत बॉबने खेळलेले दोन्ही सामने हरले. एवढ्या मोठ्या खेळाडूला अंतिम मालिकेतला एकही विजय कधी लाभला नाही. १९५६ साली तो निवृत्त झाला, तेव्हा नावावर २६६ विजय होते. ते चार हंगाम मिळाले असते तर किती झाले असते, याचा हिशेब लोक अजून मांडतात. त्याला स्वतःला मात्र नौदलातल्या वर्षांचा पस्तावा नव्हता. १९६२ मध्ये त्याला बेसबॉलच्या मानकऱ्यांत स्थान मिळाले. १५ डिसेंबर २०१० रोजी, ९२ व्या वर्षी, तो गेला.

वाचकहो, यातले शेवटचे मानसन्मान पाहायला बाप नव्हता. पीक बदलले, मैदान केले, ते या मानासाठी नव्हतेच. पोराच्या अंगी गुण दिसला, म्हणून त्याला सवड दिली, एवढेच. आपल्या घरातल्या प्रत्येक लेकराचा फेलर होणार नाही. पण एखाद्याचा हात चित्रात चालत असेल, एखादी पोर वाऱ्यासारखी धावत असेल. ते आधी घरच्यांच्या नजरेस पडले पाहिजे. मग काम सांगा, जरूर सांगा, शाळाही सोडू देऊ नका. पण दिवसाकाठी तासभर त्याच्या त्या गुणासाठी राखून ठेवा. सारे रान पिकाखाली आणताना कोपऱ्यातला एखादा वाफा आपण बियाण्यासाठी राखतोच ना?