चिन्हांचें वेषांतर

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानांत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली व सुना कामास जातात. परंतु तेथें ही मंडळी नेमकें काय करितात, हें घरच्या वडीलधाऱ्यांस बहुधा ठाऊक नसतें. म्हणून त्यांच्या कामांतील एक लहानशी, पण जपून करण्याची बाब आम्ही येथें सांगत आहों.

एका संगणकानें दुसऱ्यास मजकूर धाडावयाचा, तर तो ठराविक सांच्यांत बसवावा लागतो. ‘एक्सएमएल’ हा असाच एक सांचा. तो १९९८ सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. रिझर्व्ह बँकेनें १९ ऑक्टोबर २०१३ पासून आरटीजीएसची जी नवी पद्धति सुरू केली, तिचे संदेशही याच सांच्यांतले आहेत.

या सांच्यांत < या चिन्हानें खूण सुरू होते, आणि & या चिन्हानें सांकेतिक शब्द. आतां चाकणला मोटारी करणाऱ्या ‘महिंद्रा & महिंद्रा’ कंपनीचें नांव जसेंच्या तसें लिहिलें, तर वाचणारा संगणक & पाशीं सांकेतिक शब्द शोधतो व तो न मिळतांच सबंध मजकूर नाकारतो. यासाठीं & च्या जागीं तेंच चिन्ह, पुढें ‘एएमपी’ हीं रोमन अक्षरें व शेवटीं अर्धविराम लिहितात. <, > व दोन्ही प्रकारचीं अवतरणचिन्हें धरून असे सांकेतिक शब्द मुळांत पांचच आहेत. बाकीचीं अक्षरें क्रमांकानेंही लिहितां येतात. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५.

हा बदल हातानें करितांना क्रम चुकला कीं घोटाळा होतो. आधीं < बदललें, तर त्याच्या संकेतांत & येतें; मागाहून & बदलतांना तेंही बदललें जातें. म्हणून लिहितांना & सर्वांआधीं बदलावें व वाचतांना तें सर्वांशेवटीं उलगडावें. त्याहून बरें म्हणजे, हें काम तयार ग्रंथालयावर सोंपवावें व एकदांच करावें. तें दोनदां झालें, तर छापील बिलावर नांवामध्यें ‘एएमपी’ उमटतें.

याहून मोठा धोका निराळाच आहे. मजकूर धाडणारास स्वतःचे सांकेतिक शब्दही ठरवितां येतात. एका शब्दाचा अर्थ ‘दुसरा शब्द दहा वेळां’, त्या दुसऱ्याचा ‘तिसरा दहा वेळां’, अशी नऊ पायऱ्यांची उतरंड कोणीं खोडसाळपणें रचली, तर चिमुकल्या मजकुरांतून शंभर कोटी शब्द निघतात आणि संगणक बंद पडतो. सबब परक्याकडून आलेल्या मजकुरांतील अशा व्याख्या मुळींच स्वीकारूं नयेत, ही तरुण वाचकांस आमची सूचना आहे.

वडील मंडळींस एवढेंच सांगणें कीं, बिलावर वा पावतीवर आपल्या दुकानाच्या नांवांत तीं तीन अक्षरें दिसलीं, तर घाबरूं नये. पण दुर्लक्षही करूं नये. नांव वेळींच दुरुस्त करून घ्यावें.